गुहागरचं घर, लाकडी डेक आणि रंगारी कुठला बोलवायचा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागरजवळ समुद्रापासून हाकेच्या अंतरावर चिऱ्याचं जुनं कौलारू घर, त्याच्यापुढे दोन वर्षांपूर्वी बांधून घेतलेला २० बाय १२ फुटांचा सागवानी डेक, म्हणजे फळ्यांचा उघडा ओटा. घराला बाहेरून रंग आणि डेकला पॉलिश, दोन्ही गणपतीच्या आधी हवंय. पुण्याच्या कंत्राटदाराने सात वर्षांच्या वॉरंटीचं छापील कोटेशन दिलंय. गावातल्या रंगाऱ्याने घराभोवती एक फेरी मारली आणि तोंडी आकडा सांगितला, तो जवळजवळ निम्मा. काम कोणाला द्यावं?

मी रत्नागिरी-गुहागर पट्ट्यात २८ वर्षं रंगाऱ्याचं काम करतोय, त्यातली पहिली आठ दुसऱ्यांच्या हाताखाली. तेव्हा मी गावातल्याची बाजू घेणार हे तुम्ही धरूनच चाला. घेणारच आहे, पण काही अटींवर. आणि डेकचं काम त्यालाही देऊ नका असंच सांगणार आहे.

पहिल्यांदा गणपतीचं बोलू. दरवर्षी जुलैत माझा फोन वाजायला लागतो, चाकरमानी यायच्या आत घर रंगवून द्या म्हणून. भाद्रपद म्हणजे भर पावसाळा. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. चिरा हा सच्छिद्र दगड. तो दोन महिने पाणी पीत बसलेला असतो. दोन दिवस उघडीप मिळाली, भिंत हाताला कोरडी लागली, म्हणून तिच्यावर रंग मारला की आतलं पाणी बाहेर यायला वाट शोधतं आणि रंगाला फोड आणून बाहेर पडतं. गणपतीसाठी फार तर ओटी आणि देवाची खोली आतून उजळून घ्या. बाहेरचं काम दिवाळी झाल्यावर, भिंतींना सुकायला निदान महिना-दीड महिना मिळाल्यावर. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ आमच्याकडे रंगाला सगळ्यात चांगला. मार्चपासून गावातली निम्मी माणसं आंब्याच्या काढणीला जातात, त्याच सुमाराला शिमगा येतो. पालखी खांद्यावर घेणारा रंगारी त्या दिवसांत ब्रशला हात लावणार नाही, आणि लावूही नये.

जुलैत तुम्ही विचारल्यावर जो ‘हो, करून टाकू’ म्हणाला, तो पुण्याचा असो की गुहागरचा, त्याचं नाव खोडा. तुमच्या गावातल्याने काय उत्तर दिलं ते तुम्ही लिहिलं नाहीत. ते मला आकड्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

बाहेरून आलेल्या कंत्राटदाराला कामच येत नाही असं नाही. पण त्याची चार माणसं इथे राहतात-जेवतात, दिवस मोजत असतात. डिसेंबरात सकाळी भिंतीवर दव असतं. हात फिरवला तर ओला होतो. इथला माणूस नऊ-साडेनऊपर्यंत चहा पीत बसतो, तो आळशी म्हणून नव्हे. संध्याकाळीही चार-साडेचारला हात थांबवतो, कारण उशिरा मारलेल्या ओल्या ॲक्रिलिक रंगावर रात्री दव पडलं की सकाळी भिंतीवर चिकट, तपकिरी ओघळ दिसतात. रंगातलेच साबणासारखे घटक वर येतात, दुसरं काही नाही. धुतले तर बहुतेक वेळा जातात, पण मालक मात्र घाबरतो. पुढचं म्हणजे, पहिल्या पावसात पश्चिमेच्या भिंतीला काही झालं तर गावातला माणूस बाजारात तुमच्या चुलत्यांना रोज भेटणार असतो. ही वॉरंटी छापील नसते, पण चालते.

छापील वॉरंटीचा कागद मात्र नीट वाचा. बहुतेक कागदांत भिंतीतून येणारी ओल, छपराची गळती आणि भेगा वगळलेल्या असतात. कोकणातल्या भिंतीला दुसरं होतं काय? शिवाय रंग कंपनीच्या पद्धतीने, म्हणजे ठरलेला प्रायमर, ठरलेलं पाणी, ठरलेले हात (थर) देऊन मारला याचा पुरावा मागतात. डब्यांची बिलं तुमच्याकडे असली तरच त्या कागदाला अर्थ आहे.

आता त्या एका फेरीबद्दल. रंगारी पाहायला आला की त्याच्याबरोबर तुम्ही किंवा घरचं कोणीतरी फिरा आणि तो कुठे थांबतो ते बघा. चांगला माणूस आधी वर बघतो: वळचण किती पुढे आलीय, कौलं कुठे सरकलीत, पागोळ्या थेट जोत्यावर पडतात का. छप्पर गळत असताना भिंत रंगवणं म्हणजे घागरीला भोक ठेवून पाणी भरणं. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर दापोली-मंडणगड भागात कितीतरी घरांवर घाईघाईने पत्रे चढले. त्यातल्या काहींची वळचण आधीच्या कौलांपेक्षा आखूड राहिली. ती घरं पुढच्या पावसात भिंतीच्या वरच्या हातभर पट्ट्यात काळी पडली. तिथे मी रंगाचं काम नाकारलं आणि सुतार बोलवायला सांगितलं.

मग तो भिंतीला हात लावेल, नखाने खरवडेल. माझी एक सवय आहे, बरोबरची पोरं हसतात: समुद्राकडच्या भिंतीला ओलं बोट लावायचं आणि जिभेला लावून बघायचं. खारट लागलं की रंगाआधी गोड्या पाण्याने धुणं आलंच. (जुन्या ऑइलपेंटवर हे करू नका. का ते खाली सांगतो.) खाऱ्या वाऱ्याने बसलेलं मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि त्याच्यावरचा रंग कधीच घट्ट धरत नाही. भिंतीतून आतून येणारा लोणा वेगळा. तो पांढऱ्या पिठासारखा दिसतो. तो ओल्या फडक्याने पुसायचा नाही, नाहीतर मीठ परत आत जातं. कोरड्या ब्रशने झाडून काढायचा आणि ओल कुठून येतेय ते शोधायचं.

तुम्हाला स्वतःला ओल बघायची असेल तर फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतून थेंब दिसले तर थांबा. जुना रंग ठेवायचा की काढायचा हेही चिकटपट्टीच सांगते: रंगावर ब्लेडने चार-पाच आडव्या, चार-पाच उभ्या रेघा मारा, पट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. चौकटीच्या चौकटी निघून आल्या तर तो रंग खरवडलाच पाहिजे, त्याच्यावर कितीही महाग डबा ओता.

शेवाळाबद्दल एकच सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते. नुसतं तारेच्या ब्रशने घासलं तर त्याचे बारीक कण जागच्या जागी राहतात आणि नव्या रंगातून पुढच्या श्रावणात हिरवे होऊन वर येतात. एक भाग द्रव ब्लीच, तीन भाग पाणी, असं लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, मग घासून भरपूर पाण्याने धुवायचं आणि नीट सुकू द्यायचं. हातमोजे घालायचे, आणि ब्लीचमध्ये ॲसिड कधीही मिसळायचं नाही. विषारी वायू होतो. पाण्याचं प्रेशर मशिन सिमेंटच्या भिंतीला ठीक आहे. तुमच्या घराचे चिरे मातीत किंवा चुन्यात बसवलेले असतील तर त्या मशिनने दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, उघड्या पडतील.

चिरा उघडा ठेवलेल्या भिंतीवर रंग मारूच नका, हे माझं मत. दरजा भरून घ्या, आणि फारच पाणी ओढत असेल तर वाफ आरपार जाऊ देणारं, पाणी परतवणारं पारदर्शक सिलिकॉन मारा. गिलाव्याच्या भिंतींना बाहेरून सपाट पुट्टी नको. फक्त भेगा उघडून भरा. पश्चिमेची झड खाऊन पुट्टीचे पोपडे पडतात आणि दोष रंगाला जातो. खालच्या दोन फुटांना, जोत्याला, आपली जुनी काव किंवा तसाच विटकरी रंग द्या. खळ्यातली, म्हणजे अंगणातली, तांबडी माती पावसात तिथपर्यंत उडणारच. पांढरं जोतं एक पाऊस टिकत नाही.

किती रंग लागेल हे तुम्ही स्वतः मोजा. समजा घर बाहेरून ४० बाय ३० आहे. परीघ १४० फूट, उंची ११ धरली तर १,५४० चौरस फूट. दारं-खिडक्यांचे २०० वजा करा, उरले १,३४०. बाहेरचा ॲक्रिलिक इमल्शन दोन हातांत लिटरला साधारण ५० ते ६० चौरस फूट जातो. ५५ धरला तर २४-२५ लिटर. म्हणजे एक २० लिटरची बादली, एक चारचा डबा आणि एक लिटर. कोणी म्हणालं ‘पंधरा लिटरमध्ये भागवतो’, तर तो भागवेल, पण उरलेलं तुमच्या विहिरीचं पाणी असेल. निम्म्या आकड्याचं रहस्य बहुतेक वेळा इथे किंवा तयारीत दडलेलं असतं. गावातल्याला विचारा की या आकड्यात खरवडणं, ब्लीचने धुणं, प्रायमर आणि पूर्ण दोन हात धरले आहेत का, आणि मोजताना दारं-खिडक्या वजा करणार की नाही. ‘नाही, ते वेगळं’ असं तो म्हणाला तर दोन्ही कोटेशनं एकसारखी मांडा आणि मग ताडून पाहा. तफावत पुष्कळच कमी झालेली दिसेल.

माल तुम्ही घ्या, मजुरी त्याला द्या. बरेच जण मटेरियलसह दर घ्यायला सांगतात, डोकेदुखी नको म्हणून. पण डब्यात रंगाऱ्यासाठी कंपनीचं टोकन, म्हणजे बक्षिसाचं कूपन, असतं. ते त्यालाच द्या, तो त्याचा रिवाज आहे. मात्र कुठला रंग घ्यायचा हे टोकनवरून ठरू देऊ नका. डबे सीलबंद बघा, आणि पाणी घालताना एकदा तरी जवळ उभे राहा. डब्यावर जितकं लिहिलंय तितकंच.

आता डेक. भिंतीचा रंगारी आणि लाकडाचा पॉलिशवाला हे दोन वेगळे हात आहेत. भिंतीवाल्याला डेक दिला की तो चकचकीत व्हार्निश मारून मोकळा होतो, कारण मालकाला त्याच संध्याकाळी चमक दिसते. हे मी दुसऱ्याचं सांगत नाही. २०११ च्या मे महिन्यात मी स्वतः समुद्रासमोरच्या एका डेकला तीन हात ग्लॉस व्हार्निश मारलं. आरशासारखा दिसत होता, मालकांनी वरती बक्षीस दिलं. ऑगस्टात फोन आला. जाऊन बघतो तर जागोजागी पांढुरके फोड. नखाने एक कोपरा उचलला तर उकळलेल्या दुधावरची साय ओढावी तसा हातभर पापुद्रा निघून आला. खाली लाकूड काळं, ओलं. नऊ दिवस घासत होतो, मजुरी माझ्या खिशातून. बक्षीस परत करायला गेलो तर त्यांनी घेतलं नाही, याची जास्त लाज वाटली.

का झालं ते नंतर कळलं. व्हार्निश लाकडावर पातळ काच घालतं. उन्हात आणि पावसात लाकूड फुगतं-आकसतं, काचेला केसासारख्या भेगा पडतात, त्यातून पाणी आत शिरतं आणि मग त्याला बाहेर यायला जागा राहत नाही. उघड्यावरच्या, पायाखालच्या लाकडाला मुरणारं तेल किंवा स्टेन हवं, ज्याचा पापुद्रा होत नाही. त्यात थोडा रंग हवाच. तो रंगच उन्हाला अडवतो. अगदी पारदर्शक तेल मारलं तर लाकूड वर्षाच्या आत राखी होतं. तेही वाईट नसतं म्हणा. राखी सागवान मला आवडतं आणि माझ्या अंगणातला बाक मी तसाच ठेवलाय. पण पाणी अडवायला तेल लागतंच.

आमच्याकडे जुने लोक होड्यांना आणि पडवीच्या वाशांना काजूच्या टरफलाचं तेल लावत. वाळवी आणि कुज दोन्हींवर उत्तम. पण ते काळं असतं, अंगावर पडलं तर कातडी भाजून फोड येतात, आणि सुकायला किती दिवस घेईल नेम नाही. तुमची मुलं अनवाणी बसणार त्या डेकवर नको, आणि एकदा लावलं की वर दुसरं काही धरत नाही. नुसतं बेलतेलही (अळशीचं तेल) नको. आमच्या दमट हवेत त्याच्यावर काळ्या बुरशीचे ठिपके उठतात. बुरशीनाशक घातलेलं, बाहेरच्या डेकसाठीचं तयार तेल घ्या. लाखेचं पॉलिश आणि मेलामाइन घरातल्या फर्निचरचं, बाहेर त्याचं नाव काढू नका.

पॉलिशवाल्याची परीक्षा सोपी आहे. त्याला विचारा, ‘तेल लावायची वेळ झाली हे कसं ओळखता?’ चांगला माणूस फळीवर पाण्याचे चार थेंब टाकून दाखवेल. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर जुनं तेल अजून काम करतंय, किंवा फळी जास्त गुळगुळीत घासली गेलीय. नवं आत जाणार नाही. दोन-चार मिनिटांत मुरले तर लाकूड तहानलेलं आहे. त्यासाठीच ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून १०० किंवा १२० वर थांबायचं असतं. टेबलासारखं ३२० पर्यंत नेलं की छिद्रं बुजतात. एका फळीच्या खालच्या बाजूला नमुना लावून घ्या आणि दोन दिवसांनी उन्हात बघा. शेड कार्डावरचा सागवानी रंग तुमच्या सागवानावर वेगळाच दिसतो.

फळ्यांची टोकं बघायला विसरू नका. पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शिरतं, आणि तिथेच कोणी ब्रश नेत नाही. टोकांना तेल पिऊन होईपर्यंत पुन्हा पुन्हा द्यायचं. दोन फळ्यांमधल्या फटीत सुरूची पानं अडकून कुजतात, ती पातळ पट्टीने काढून घ्या. खिळ्यांभोवती काळे डाग असतील तर ती बुरशी नाही. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य मिळून तो डाग पडतो. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने जातो, पण ते विषारी आहे, मुलं-गुरं लांब ठेवून लावायचं आणि खूप पाण्याने धुवायचं. लोखंडी खिळे काढून ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घातल्याशिवाय डाग परत येणारच. समुद्राच्या इतक्या जवळ साधं स्टेनलेस स्टीलही गंजाचे ठिपके धरतं.

तेल ब्रशने लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी जे वर उरतं ते फडक्याने पुसून घ्यायचं, नाहीतर चिकट राहतं आणि धूळ धरतं. ती फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू देऊ नका. डेकच्या तयार तेलातही बहुधा अळशीचं तेल असतं, आणि त्याची फडकी सुकताना स्वतःच तापतात आणि ढीग असेल तर पेट घेतात. माझ्याकडे एकदा गोणपाटातून धूर निघालाय, सुदैवाने दुपार होती. पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा किंवा एकेक पसरून दोरीवर वाळत घाला.

एवढं करूनही डेकला दर वर्षी-दीड वर्षाने एक हात लागेल. सात वर्षांची भाषा डेकला लागू होत नाही, मग ती कोणीही बोलो. पण दुसऱ्या वेळी घासायला लागत नाही: धुवायचं, सुकवायचं, एक हात तेल. एका माणसाचं दोन दिवसांचं काम. (तुमच्या फळ्या खरंच सागवान आहेत ना? हल्ली प्लॅस्टिक मिसळलेल्या लाकडाच्या फळ्याही सागवानी रंगात येतात. त्यांना तेल लावून काही उपयोग नाही.)

पैशांचं: आधी सगळे देऊ नका, आणि गावातला माणूस आहे म्हणून अगदी शेवटपर्यंत अडकवूनही ठेवू नका, त्यालाही शनिवारी माणसांना हप्ता द्यावा लागतो. मी स्वतः असं घेतो: सुरुवातीला पाचवा हिस्सा, तयारी संपून प्रायमर झाला की निम्म्यापर्यंत, दुसरा हात झाला की आणखी तीस टक्के, आणि शेवटचा भाग पंधरा दिवसांनी. तयारी झाली त्या दिवशी स्वतः या, किंवा व्हिडिओ कॉल लावून भिंतीजवळून फिरायला सांगा. रंगाखाली काय होतं ते त्यानंतर कोणालाच दिसत नाही. शेवटच्या दिवशी नाही आलात तरी चालेल, त्या दिवशी सगळंच छान दिसतं. काय ठरलं ते साध्या कागदावर मराठीत लिहा, दोघांच्या सह्या करा. आमच्यात याचा राग येत नाही. सांगायची पद्धत नीट असली म्हणजे झालं.

जुन्या दार-खिडक्यांचा ऑइलपेंट कोरडा घासू देऊ नका. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं किती आहे ते डोळ्यांना दिसत नाही. ओला पेपर वापरायचा, तोंडाला मास्क, आणि मुलांना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवायचं. परांची बांबूची असेल तर रोज सकाळी बांधण्या तपासायला सांगा, आणि घराला येणारी विजेची तार परांचीजवळून जात असेल तर वायरमनला आधी बोलवा. माणूस पडला तर कोटेशन कुठल्या गावचं होतं हे कोणी विचारत नाही.

तुमच्या फोटोत डेकच्या बरोबर वर माड दिसतोय, दोन सुकलेल्या झावळ्या लोंबतायत. पॉलिशवाला येण्याच्या आठवडाभर आधी नारळ पाडणाऱ्याला बोलवून तो साफ करून घ्या. ताज्या तेलावर झावळ पडली की तिचा ठसा उठतो, आणि तो तेवढा एक चौरस फूट परत लावून कधीच जुळत नाही.